सिंक तुंबलं म्हणून ओटा फोडू देऊ नका

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरी आई एकटीच होती, सिंकचं पाणी उतरेना म्हणून तिनं एका प्लंबरला बोलावलं. त्यानं वरून जाळीत नुसती बॅटरी मारली आन् म्हणे, "मावशी, पुरी लाइन चोक हाये, ओटा फोडा लागते." टाइल्स फोडल्या, भिंतीतला पाइप बदलला, सिंकखालचा ट्रॅप (पाणी साचून राहणारा वाटीसारखा भाग) काढून टाकला आणि तिथं सरळ प्लास्टिकचा लवचिक पाइप कोंबून 4,800 रुपये घेऊन गेला. पाणी उतरलं, आईला वाटलं झालं काम. पण रात्री स्वयंपाकघरात नालीचा असा वास की घास उतरेना, अन् झुरळं थेट सिंकमधून वर.

मी घरी गेलो तर फोडून काढलेला पाइप परसात पडलेला, उचलून पाहिला, आतून आरपार दिसत होता! शेजारीच जुना ट्रॅप. त्याची खालची वाटी हातानं फिरवून उघडली तर आत राख आणि तेलाचा काळा घट्ट गोळा. आमच्याकडं भांडी अजून राखेनं घासतात, ती राख तिथंच बसते, थंडीत तेल थिजलं की अजूनच. म्हणजे वाटी उघडून धुतली असती तर एक रुपया लागत नव्हता. इतका राग आला ना, म्हाताऱ्या बाईला असं लुटायचं?

ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहते, तेच नालीचा वास आणि किडे अडवते. सरळ पाइप टाकला की नाली आणि तुमचं स्वयंपाकघर एकच झालं समजा.

लाइन खरंच चोक आहे का ते घरीच कळते. खाली बादली ठेवून ट्रॅप उघडा, साफ करा. तरी पाणी तुंबलं तर भिंतीत जाणारा पाइप काढून त्या भोकात तांब्यातांब्यानं पाणी ओता, मागं नालीत धडधड पडलं तर लाइन मोकळी, मग कोणालाच छन्नी लावू देऊ नका.

नवीन ट्रॅप मीच बसवला, वास गेला, ओट्याच्या टाइल्स मात्र तशाच फुटलेल्या आहेत. तो प्लंबर आता फोन उचलत नाही. गावात ज्यांचे आईबाबा एकटे असतील त्यांनी आजच फोन करून सांगा, कोणी फोडा लागते म्हणलं तर आधी ट्रॅप उघडून दाखव म्हणा.