सेंटिस्टोक, सेंटिपॉइज की सेकंद? व्हिस्कॉसिटीचं कोणतं एकक धरावं

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात तीन मशीनं असली तर तिघींची बोली वेगळी असू शकते. जुन्या अमेरिकन प्रेसच्या पुस्तकात तेलाची व्हिस्कॉसिटी (म्हणजे जाडपणा, वाहायला होणारा विरोध) सेबोल्ट सेकंदांत, विलायती लेथच्या पाटीवर रेडवूड सेकंदांत, आणि मस्जिद बंदरहून आलेल्या नव्या बॅरलच्या सर्टिफिकेटवर सेंटिस्टोकमध्ये. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये एकच एकक ठेवायचं असेल तर माझं मत सरळ आहे: वंगण आणि इंधनासाठी सेंटिस्टोक, रेझिन-सिरप-ग्लिसरीनसाठी सेंटिपॉइज, आणि सेकंद ठेवायचेच तर फक्त रंगाला. आकड्याशेजारी तापमान मात्र तिन्ही ठिकाणी हवंच.

सेंटिस्टोक आणि सेंटिपॉइज यांचा हिशेब सोपा आहे. 1 सेंटिपॉइज म्हणजेच 1 मिलिपास्कल-सेकंद, आणि 1 सेंटिस्टोक म्हणजेच 1 चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद. एसआय पद्धतीत जाताना नाव बदलतं, आकडा तोच राहतो. आपसात बदलताना मात्र घनता लागते: सेंटिस्टोकला घनतेने (ग्रॅम प्रति मिली) गुणलं की सेंटिपॉइज. 20° सेल्सिअसला पाणी दोन्हींत जवळजवळ 1 भरतं, त्यामुळे ही दोन एककं एकच आहेत असा अनेकांचा समज होतो. फर्नेस ऑईलमध्ये तो खपूनही जातो, कारण त्याची घनता 1 च्या आसपासच असते. 46 सेंटिस्टोकचं हायड्रॉलिक ऑईल घ्या, घनता 0.86 धरली तर ते साडेएकोणचाळीस सेंटिपॉइज होतं. ग्लिसरीन उलट दिशेला जातं: 20° ला सुमारे 1410 सेंटिपॉइज, घनता 1.26, म्हणजे 1120 सेंटिस्टोक. पंपवाल्याला चुकीच्या एककात आकडा दिला तर मोटर निवडताना पाव हिश्श्याचा घोळ. मोबाईलवरचं कन्व्हर्टर घनता न विचारता सेंटिपॉइजचे सेंटिस्टोक करून देत असेल तर त्याने घनता 1 धरली आहे. ते बंद करा आणि कॅल्क्युलेटर घ्या.

खरी गंमत सेकंदांत आहे. रेडवूडच्या भांड्यातून 50 मिली तेल किंवा सेबोल्टच्या भांड्यातून 60 मिली तेल खाली उतरायला लागलेला वेळ, एवढाच या आकड्याचा अर्थ. भांडं बदललं की सेकंद बदलले. म्हणून एका ठरलेल्या आकड्याने गुणून भागत नाही, प्रयोगांतून बसवलेली सूत्रं वापरावी लागतात. 100 सेकंदांच्या वर असाल तर:

सेबोल्ट: सेंटिस्टोक = 0.220 × सेकंद − 135 ÷ सेकंद
रेडवूड नंबर 1: सेंटिस्टोक = 0.247 × सेकंद − 50 ÷ सेकंद

प्रेसच्या पुस्तकात 100° फॅरनहाइटला 215 सेबोल्ट सेकंद लिहिलंय. सूत्राने 46.7 सेंटिस्टोक येतात आणि माणूस खुश होऊन व्हीजी 46 (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे 46 सेंटिस्टोकच्या आसपासचं तेल) मागवतो. पण 100° फॅरनहाइट म्हणजे 37.8° सेल्सिअस, आणि व्हीजी ग्रेड 40° ला मोजतात. तेवढ्या दोन अंशांत नेहमीचं खनिज तेल 42 च्या आसपास उतरतं. व्हीजी 46 ची हद्द 41.4 ते 50.6, म्हणून इथे निभावलं, पण कडेकडेने.

फर्नेस ऑईलमध्ये मात्र निभावत नाही. जुन्या बॉयलरच्या कागदावर ‘रेडवूड 1500 सेकंद, 100° फॅरनहाइट’ असतं. सूत्रात घाला: 370 सेंटिस्टोक. लगेच वाटतं, हे तर बंदरात जहाजांना देतात ते 380 चं इंधन. नाही! ते 180 चं आहे. 180 आणि 380 हे आकडे 50° सेल्सिअसचे. तेच तेल 37.8° ला 370 असतं आणि 50° ला 180 वर येतं. 380 वालं हवं असेल तर जुन्या कागदावर साधारण 3500 सेकंद दिसायला हवेत. गणित अचूक असूनही दुप्पट जाड तेल बर्नरपुढे येतं, ते असं.

पौंड-फुटांची एककं भेटली तर एकच खबरदारी: पौंड वस्तुमानाचा की बलाचा, हे आधी बघा. दोघांत 32 पटींचा फरक पडतो.

डांबराचा माल घेणाऱ्यांसाठी जाता जाता: रस्त्याच्या डांबरातलं व्हीजी-30 आणि ऑईलचं व्हीजी 32 यांचा काडीचा संबंध नाही. डांबराचा आकडा 60° ला पॉइजमध्ये असतो, व्हीजी-30 ला किमान 2400 पॉइज. म्हणजे 2,40,000 सेंटिपॉइज.

राहिला रंग. इथे मी सेकंद बदलायला जाणारच नाही. ढवळल्यावर पातळ होणाऱ्या रंगाला तळाला भोक असलेल्या कपातून खाली उतरायला लागलेला वेळ सेंटिस्टोकमध्ये नेऊन हाती काही लागत नाही. स्प्रे मारणाऱ्यालाही सेकंदच कळतात. आपल्याकडच्या पत्रकांत बहुधा बी-4 कप आणि 30° असतं, अमेरिकन पत्रकात फोर्ड कप नंबर 4 आणि 25°. दोन्ही कपांची भोकं वेगळी, तेव्हा ऑर्डरवर कपाचं नाव आणि तापमान दोन्ही लिहा. मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधला डबा सकाळी वेगळे सेकंद दाखवतो, दुपारी वेगळे. मोजण्याआधी तो 30° वर आणायचा, मग थिनर.