सात खणांची गोळ्यांची डबी – बीपीच्या पेशंटसाठी घ्यावी का?

बाबांसाठी ऑनलाइन मागवली, दीडशेच्या आसपास पडली. रोजचा एक खण, प्लास्टिक बरं आहे, पण झाकणं फार घट्ट, संधिवात असलेल्या माणसाला नखाने उघडायला जमणार नाही. वारांची इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्यात टी दोनदा, एस दोनदा, म्हणून आम्ही वर पट्ट्या चिकटवून सो मं बु गु असं मराठीत लिहून टाकलं.

आता मुद्द्याचं. बाबांचं बीपी गोळ्या चालू असूनही १६०च्या वर यायचं आणि डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते. डबी आल्यावर रविवारी बघितलं तर मंगळवार आणि शुक्रवारचे खण तसेच भरलेले. विसरले म्हणावं तर बाकीचे दिवस बरोबर रिकामे. मग हळूच विचारलं तेव्हा कळलं, त्या दिवशी ते एसटीने तालुक्याला जातात आणि गोळीत लघवीचं औषध आहे ना, हायड्रोक्लोरोथायझाइड, गाडीत लागली तर उतरणार कुठे? हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, लाज वाटते म्हणाले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर घ्या एवढंच सांगितलं, डोस वाढवायची वेळच आली नाही. डबीचे पैसे मला इथेच वसूल झाले.

म्हणून सांगते, ही डबी आठवण करून द्यायला चांगली आहेच, पण खरा उपयोग कुठल्या वारी गोळी चुकते ते दिसतं हा आहे. आमच्या शेजारच्या काकूंचा गुरुवार राहायचा, उपास म्हणून, उपाशीपोटी गोळी नको असं त्यांच्या डोक्यात, आणि त्यांची अॅम्लोडिपिन तर खाऊन घ्या न खाता घ्या काही फरक पडत नाही. पण त्याच गोळीने पाय सुजले की लोक कुणाला न विचारता बंद करतात, आणि बंद केल्यावर काहीच दुखत नाही खुपत नाही, म्हणजे बरं झालं असं वाटतं. बीपी वाढलेलं कळतच नाही हो! सूज आली तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात, पण मनाने बंद करू नका प्लीज.

एक गोष्ट मात्र डबीवाले सांगत नाहीत. टेल्मिसार्टन, म्हणजे आपल्याकडे भरपूर लोकांना चालू असलेली गोळी, ओल ओढून घेते, ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. आमच्या कोकणात पावसाळ्यात आठवडाभर सुटी ठेवली तर काय होणार? त्यामुळे मी कात्रीने स्ट्रिपचा एकेक चौकोन कापून गोळी फॉइलसकट खणात ठेवते, कापताना कडा फाटू द्यायची नाही. यासाठी खण मोठा लागतो, हिच्यात जेमतेम मावतो, टोकं दुमडावी लागतात. तुमच्या गोळ्या सुट्या ठेवलेल्या चालतात का ते मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

पाचपैकी चार स्टार, एक झाकणांसाठी कापला. घेणार असाल तर एक साइज मोठी घ्या.