ऊस वाहतुकीला जुना ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर: ५३१०, अर्जुन ६०५, स्वराज ८५५ आणि एचएमटी ५९११ चा रिव्ह्यू

हंगाम तोंडावर आला की गावात जो तो विचारतो, जुना पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचाय, कुठला घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमच्या घरात आणि भावकीत मिळून जॉन डियर ५३१०, महिंद्रा अर्जुन ६०५, स्वराज ८५५ आणि एक एचएमटी ५९११ असे चारही चाललेत, वाळवा तालुक्यात, काळ्या रानात पलटी नांगराला आणि हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रोडला.

जुन्या गाडीला मागणी वाढली त्याला कारण आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम-४ चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत सीआरडीआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं डिझेल सोडणारं) इंजिन, सेन्सर, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) हे सगळं आलं. नव्या गाड्या वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, धूर कमी आणि पिकअप चांगला, पण रात्री फडात भरलेल्या ट्रॉल्या घेऊन गाडी उभी राहिली तर स्कॅनरवाला येईस्तोवर बसून राहावं लागतं, टोळी पण बसून आणि ऊस पण वाळतोय. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला दोन पाने, नवा फिल्टर आणि डिझेल लाइनमधली एअर काढता येणारा ड्रायव्हर एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं.

आता माझं स्पष्ट मत. ताकद चारींत आहे, त्यामुळं कंपनी बघायच्या आधी ती गाडी आजपर्यंत कशाला जुंपली होती ते बघा. अवरमीटरवर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांचा तो बंदच असतो नाहीतर बदललेला असतो. मागं जाऊन हूकाचं भोक बघा, गोल राहिलंय का लांबट झालंय. लांबट झालं असेल तर गाडीनं जन्मभर ट्रॉल्या ओढल्यात, म्हणजे क्लच, मागचे एक्सल बेअरिंग आणि क्राउन पिनियन ह्यांच्यावर ताण गेलाय. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, दात्यांना बोट लावून बघा, दाते झिजून धारदार झाले असतील तर रोटाव्हेटर भरपूर मारलाय, म्हणजे इंजिन तासन्‌तास फुल आरपीएमला धुळीत चाललंय. मागच्या टायरचे गट्टू मधूनच घासले असतील तर डांबरी रोड. विकणारा तोंडानं काहीही सांगू दे, ह्या तीन जागा खरं सांगतात.

जॉन डियर ५३१० बद्दल आधी बोलतो कारण आमच्या भागात तीच जास्त दिसते. ५५ एचपी, तीन सिलिंडर, २९०० सीसी, २४०० आरपीएम, पुण्याजवळ सणसवाडीच्या प्लांटमधली. रोडला हिच्यासारखी गाडी नाही, पॉवर स्टेअरिंग हलकं, ऑइलमधले ब्रेक, नऊ पुढचे गिअर त्यामुळं भरलेल्या ट्रॉल्यांना बरोबर बसणारा गिअर सापडतोच. पार्ट महाग वाटतात पण मिळतात, आणि ओरिजिनल टाकला तर परत उघडायची वेळ लवकर येत नाही. रिसेलला पण हीच पुढं.

अर्जुन ६०५ म्हणजे जुनी, अर्जुन नोवो हे पुढचं मॉडेल यायच्या आधीची. चार सिलिंडर, ५७ एचपीच्या आसपास, २१०० आरपीएम. चार सिलिंडरमुळं इंजिन मऊ चालतं, नांगर खोल गेला तरी दम खात नाही, आणि ओढ लागल्यावर आरपीएम पडून परत उचलते ती गोष्ट मला हिच्यात सगळ्यात आवडते. हलक्या कामाला डिझेल जास्त पिते, त्यामुळं सरी सोडायला आणि फवारणीला ही गाडी नेऊ नये.

स्वराज ८५५ ची जात वेगळी. तीन सिलिंडर, मोठं इंजिन, २००० आरपीएमलाच सगळी ताकद, इंजिनाचं नातं किर्लोस्करांच्या तंत्राशी आहे. कमी आरपीएममुळं इंजिनाला झीज कमी, आणि गाडी इतकी साधी की गावातला कुठलाही मिस्त्री उघडतो. जुन्या मॉडेलला ब्रेक ड्राय डिस्कचे असायचे, दोन ट्रॉल्यांना उतारावर ते कमी वाटतात, म्हणून घेताना ऑइल ब्रेकची मिळाली तर तीच घ्या. ड्रायव्हरला आराम कमी. खर्च मात्र चारींत सगळ्यात कमी हिचाच, ह्यात वादच नाही.

एचएमटी ५९११ बद्दल लिहिताना वाईट वाटतं. झेटर ह्या चेक कंपनीच्या तंत्रावर उभी राहिलेली कंपनी, चार सिलिंडर, वजनाला जड, चाक घसरत नाही, नांगराला लावली की जमीन कापत जाते. पण एचएमटीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला आणि तिथनं पुढं पार्टची शोधाशोध सुरू झाली. ज्याच्या ओळखीचा जुना एचएमटीचा मिस्त्री आहे आणि ज्याला दुसरी गाडी पार्टासाठी उभी करायची तयारी आहे त्यानंच घ्यावी. हंगामात रोजच्या वाहतुकीला मी कुणाला घ्या म्हणणार नाही.

आता मेंटेनन्स, कारण खरा फरक इथंच पडतो आणि लोक इथंच काटकसर करतात.

पहिलं पाणी. रेडिएटरला बोअरचं पाणी ओतू नका, हात जोडून सांगतो. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, आत खडी धरते, आणि ज्या इंजिनात वेट लायनर (पिस्टन ज्यात खेळतो ती नळी) आहेत त्यात लायनरच्या बाहेरच्या अंगाला पाणी खेळत असतं. अशाच एका गाडीचा लायनर मिस्त्रीनं उपसून हातात दिला तेव्हा बाहेरून सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसत होती, त्यातलं एक आरपार गेलेलं आणि तिथनं पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. पिस्टन-रिंगा चांगल्या होत्या, फक्त कुलंट न वापरल्यामुळं इंजिन खोलावं लागलं. कुलंटचा कॅन महाग वाटतो त्यांनी फुल इंजिन कामाचं बिल बघावं.

दुसरं डिझेल. बॉनेट उघडून पंप इनलाइन आहे का रोटरी ते बघून घ्या. इनलाइन पंपाच्या कॅमला ऑइल मिळतं, रोटरी पंपाचं आतलं सगळं वंगण डिझेलच असतं, त्यामुळं डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला की रोटरी आधी जातो. रोटरी पंप वाईट नाही, चांगला मऊ चालतो, फक्त घाण सहन करत नाही. बॅरलमधलं डिझेल तळापर्यंत उपसून टाकायचं नाही, वॉटर सेपरेटरचा नट सकाळी ढिला करून थेंब बघायचा, आणि फिल्टर दोन असतील तर दोन्ही वेळेवर बदलायचे.

तिसरं ऑइल. इंजिन ऑइल २५० तासांना म्हणतात, पण जुनी गाडी आणि रोडला लोड असेल तर मी त्याच्या आधीच बदलतो. त्याहून महत्त्वाचं गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल. ऑइल ब्रेकच्या गाडीत तेच ऑइल ब्रेकच्या प्लेटांना लागतं, त्यामुळं कुठलंही ९० नंबर गिअर ऑइल ओतून चालत नाही, वेट ब्रेकचं, म्हणजे ऑइलमधल्या ब्रेकसाठीचंच लागतं. आमच्या इथल्या एका दुकानदारानं कंपनीचा डबा म्हणून भलतंच ऑइल दिलं होतं, गाडीनं ब्रेक दाबला की कर्रर्र आवाज करून अंग थरथरायला सुरुवात केली, सगळं काढून परत भरलं तेव्हा थांबलं. डब्याचं सील आणि बॅच नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एअर क्लीनर विसरूच नका. ऑइल बाथचा असेल तर पातेलं रोटाव्हेटरच्या दिवसांत रोज बघायचं, तळात गाळ दिसला की धुवून नवीन ऑइल. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी पाइपला चीर असेल तर बाकी सगळी काळजी वाया, धूळ सरळ सिलिंडरमध्ये.

बघायला जाताना सकाळी लवकर आणि न सांगता जा. गेल्या गेल्या रेडिएटरला हात लावायचा, गरम लागला तर गाडी तुमच्यासाठी आधी चालू करून ठेवलीय हे समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडी स्वतः चालू करायची. चालू झाल्यावर ऑइल भरायचं टोपण काढा, फट-फट करून धूर आणि ऑइलचे शिंतोडे मारत असेल तर रिंगा-लायनर गेलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गिअर ऑइलची काठी काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. पुढचा एक्सल जॅकवर उचलून सेंटर पिनचा खेळ हलवून बघा.

इंजिन काम करायचंच असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. क्रँक घासणं, बोअर, हेड प्लेन, पंप कॅलिब्रेशन सगळं एका भागात होतं, आणि मोजमाप समोर घेऊन दाखवणारे कारागीर तिथं आहेत. जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा, नवीन काय टाकलं हे त्यावरनंच कळतं.

माझ्या पैशानं आज घ्यायची तर वाहतुकीला ५३१०, नुसत्या नांगराला अर्जुन, आणि खिसा लहान असेल तर स्वराज ८५५ डोळे झाकून. फक्त इसार द्यायच्या आधी आरसी बुकवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि चासी नंबर पेन्सिल घासून कागदावर उठवून आरसीशी जुळवा.