व्हीएचएसवरून डीव्हीडी करताना आवाज मागे का पडतो : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या आधीपासून घरातल्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घ्यायचं काम चालू आहे. लग्नं, मुंजी, आजोबांची पंचाहत्तरी, सोसायटीचा गणपती, सगळं त्यात आहे. बहुतेक कॅसेट आता झाल्या. या कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चित्र आणि आवाज यांचा मेळ बसवण्याने. म्हणून कुठल्या एका वस्तूबद्दल न लिहिता पूर्ण जोडणीबद्दल लिहिते आहे : जुना व्हीसीआर, त्याचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी (म्हणजे कॅप्चर करणारी) यूएसबी कॅप्चर स्टिक, या दोघांच्या मध्ये एक डीव्हीडी रेकॉर्डर, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर आणि शेवटी डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टायलर.

माझं मत आधीच सांगते. ‘आवाज मागे पडतो’ असं सगळेच म्हणतात, पण कॅसेटच्या बाबतीत बहुतेक वेळा आवाज जागच्या जागी असतो आणि चित्र पुढे पळालेलं असतं. एकदा हे डोक्यात बसलं की उपाय कुठे करायचा तेही कळतं. तो कॅप्चर करण्याआधी, वायरींच्या पातळीवर करायचा. नंतर एडिटिंगमध्ये आवाज पुढेमागे सरकवत बसलात तर एका कॅसेटला आठवडा जातो आणि तरी समाधान होत नाही.

सुरुवातीला व्हीसीआर थेट स्टिकला जोडला होता. स्टिक साधी, हजार-दीड हजारात मिळते तशी, आणि बरोबर आलेलं सॉफ्टवेअर. एक बटण दाबलं की थेट एमपेग-२ फाइल (डीव्हीडीवर असते तशी दाबून लहान केलेली) तयार. पंचाहत्तरीच्या कॅसेटमध्ये दीड तासाचं भजन आहे. पहिल्या अभंगाला टाळ बरोबर वाजत होते. तिसऱ्या-चौथ्या अभंगापर्यंत टाळ एकमेकांवर आपटून सुटले की मग ‘खण्’ ऐकू यायचं. भैरवीला तर हात पूर्ण उघडलेले असताना आवाज येत होता. सॉफ्टवेअरने कुठेही इशारा दिला नव्हता, ‘रेकॉर्डिंग यशस्वी’ असं लिहून मोकळं झालं होतं. त्या सॉफ्टवेअरवर माझा मुख्य राग हाच आहे. फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळल्या तर गळल्या, पण किती गळल्या ते तरी सांगायला हवं.

टाळ ही तपासणीसाठी फार चांगली गोष्ट आहे, हे मात्र तिथे कळलं. माणसांचे ओठ बघून अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक नक्की किती ते सांगता येत नाही. टाळ, टाळ्या, नारळ फोडणं, ताशाची काडी यात आघाताची फ्रेम दिसते आणि ऑडिओच्या आलेखात उभी रेघही दिसते. दोन्हींमधलं अंतर सरळ मोजता येतं. तुमच्या कॅसेटमध्ये असं काही सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सापडतं का ते आधी शोधून ठेवा.

आता फ्रेम का गळतात ते. व्हीएचएसचं चित्र फिरत्या ड्रमवरच्या हेडने वाचलं जातं. टेप ताणलेली असेल, हेड झिजलेले असतील, एका मशीनवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर लावली असेल, तर चित्राच्या ओळी नेमक्या वेळेवर येत नाहीत, किंचित आधी किंवा किंचित उशिरा येतात. जुना काचेचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. वरच्या कडेला चित्र थोडं वाकडं दिसायचं, इतकंच. कॅप्चर स्टिक सांभाळून घेत नाही. नवी फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा सिंकचा इशारा हुकला की ती अख्खी फ्रेम टाकून देते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. अशा २५ गळल्या की चित्र एक सेकंदाने आखूड झालं. साधा आवाज टेपच्या कडेवरच्या वेगळ्या पट्टीत असतो आणि वेगळं, न फिरणारं हेड तो वाचतं. चित्र फाटलं तरी तो अखंड येत राहतो. फाइलमध्ये चित्र आखूड आणि आवाज पूर्ण लांबीचा, मग तो मागे पडल्यासारखा वाटणारच.

दुसरं कारण घड्याळांचं. काही जण चित्र स्टिकमधून घेतात आणि आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डच्या लाइन-इनमधून. दोन्हींच्या आत घड्याळाचं काम करणारा आपापला क्रिस्टल असतो आणि दोघांची चाल तंतोतंत सारखी नसते. दहा लाखात ५० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात, आणि तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला अर्ध्या सेकंदाहून जास्त. शक्य असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच यंत्रातून घ्या.

बिघाड कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखलं की अर्धं काम होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक एकसारखा असेल तर ती नुसती सरक आहे, एका आकड्याने दुरुस्त होते. फरक सावकाश आणि सारख्या दराने वाढत असेल तर घड्याळांचं प्रकरण. आणि बराच वेळ ठीक, मग अचानक उडी, परत बराच वेळ तेवढाच फरक, पुन्हा उडी, असं पायऱ्यांसारखं असेल तर फ्रेम गळल्या आहेत. भजनाच्या कॅसेटमध्ये पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी कॅमेरा बंद-चालू केलेल्या जागी किंवा टेप चुरगळलेल्या जागी सापडत होती.

या सगळ्यावर खरा फरक पडला तो डीव्हीडी रेकॉर्डरने. दुबईहून परत आलेल्या मावसभावाच्या माळ्यावर पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१५ पडून होता. डिस्क लिहायचं ड्राइव्ह गेलेलं, म्हणून कोणी वापरत नव्हतं. या कामाला ड्राइव्ह लागतच नाही. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचं आउटपुट स्टिकला, एवढंच. रेकॉर्डर आतमध्ये येणारा सिग्नल डिजिटल करून पुन्हा नीट वेळेवर बाहेर सोडतो. व्यावसायिक स्टुडिओत यासाठी टाइम बेस करेक्टर वापरतात. हा त्याची पूर्ण बरोबरी करत नाही, पण घरगुती कॅसेटला बराच पुरतो. ईएस१० आणि ईएस१५ ही दोन मॉडेल या कामासाठी जुन्या कॅसेटवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहेत ती उगाच नाहीत. तीच भजनाची कॅसेट यातून पुन्हा घेतली तेव्हा भैरवीपर्यंत टाळ जागेवर राहिले. वरच्या कडेचं वाकडेपणही गेलं, ते वेगळंच.

दोन गोष्टी सांभाळायच्या. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरीही रेकॉर्डरमधूनच न्या. चित्राला त्याच्यातून जायला थोडा वेळ लागतो आणि आवाज व्हीसीआरमधून थेट स्टिकला नेला तर तो आधी पोहोचतो. शिवाय रेकॉर्डरच्या मेनूत लाइन-इनचं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसण्याची सोय) असेल तर बंद करा, नाहीतर हलणाऱ्या चेहऱ्यांमागे पुसट छाया राहते. तोटाही आहे : गडद भागांत चित्र थोडं सपाट होतं. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत ते दिसतं. मला तो सौदा मान्य आहे.

कॅप्चरसाठी आता फक्त व्हर्च्युअलडब. दिसायला जुनाट आणि पहिल्या दिवशी घाबरवणारं, पण गळलेल्या आणि भरलेल्या फ्रेमचा आकडा चालू रेकॉर्डिंगमध्ये समोर दिसतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. टायमिंगच्या सेटिंगमध्ये दोन फ्रेममधलं अंतर जास्त झालं तर फ्रेम भरायची परवानगी दिली आहे, म्हणजे गळलेल्या जागी आधीचीच फ्रेम पुन्हा बसते आणि लांबी बिघडत नाही. आवाज चित्राच्या चालीला जुळवून घेण्याचा पर्यायही तिथेच आहे, घड्याळांचा फरक त्याने जातो. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. डीव्हीडीला तेच लागतं. ४४.१ वर घेतलं तर पुढे एक रूपांतर वाढतं. विंडोज १० किंवा ११ वर आवाज मुळीच येत नसेल तर वायरी तपासण्याआधी प्रायव्हसी सेटिंगमधली मायक्रोफोनची परवानगी बघा.

फाइल हफवायूव्हीमध्ये घेते, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारात. तासाला ३०-३५ जीबी लागतात आणि हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी लागते, कारण जुन्या फॅट-३२ वर ४ जीबीला फाइल अडते. जागा खाते, पण एमपेगमध्ये थेट घेतलं की जिथे हवं तिथे कापता येत नाही. एमपेग-२ मध्ये बऱ्याच फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर अवलंबून असतात. मध्येच कापलं की काही सॉफ्टवेअर चित्र जवळच्या पूर्ण फ्रेमला कापतं आणि आवाज सांगितलेल्या जागी. तिथून पुढे फरक चालू. कॅप्चर चालू असताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काहीही करत नाही, आणि स्टिक हबमध्ये न लावता थेट पोर्टला लावते.

मूळ कॅसेट आता नाही, फक्त बिघडलेली फाइल आहे, असंही होतं. आमच्याकडे एका मुंजीचं तसंच आहे. कॅसेट एका दुकानात डीव्हीडी करायला दिली होती, ती परत आलीच नाही आणि डिस्कवरचा आवाज मागे. फरक सारख्या दराने वाढणारा असेल तर हिशेब सोपा आहे. समजा ५४०० सेकंदांच्या शेवटी आवाज ०.९ सेकंद मागे आहे. मग ५४००.९ भागिले ५४००, म्हणजे १.०००१७ च्या आसपास, इतक्या पटीने आवाज जलद करायचा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो बदलून किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या एटेम्पो फिल्टरने होतं, कानाला कळतही नाही. पायऱ्यांचा बिघाड असेल तर मात्र हे करू नका. सरासरीने ताणलेला आवाज मग सगळीकडेच थोडा थोडा चुकतो. तिथे प्रत्येक उडीपाशी ऑडिओ तोडून शांत जागेतला तुकडा काढावा लागतो. नव्वदीच्या दशकातल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये एक सोय असते : फोटोग्राफरने निम्म्या भागावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. तिथे ओठ जुळण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे उडी गाण्याखाली बुजवता येते. जपायचं ते मंगलाष्टकं, नाव घेणं आणि भाषणं, कारण खरे आवाज तिथेच आहेत.

डीव्हीडीचं काम डीव्हीडीस्टायलरवर होतं, मोफत आहे आणि तक्रार नाही. एका ४.७ जीबी डिस्कवर दीड तास ठेवते, म्हणजे सेकंदाला ६ मेगाबिटच्या आसपास मिळतात. तीन तास कोंबले तर व्हीएचएसचे दाणे चौकोन होतात. प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांची, म्हणजे फील्डांची, असते; त्यांचा क्रम (फील्ड ऑर्डर) चुकला तर हालचाल थरथरते आणि ओठ चुकल्याचा भास होतो. माझ्या स्टिकला वरचं फील्ड आधी लागतं. डीव्ही कॅमेऱ्यातून घेत असाल तर खालचं.

तपासताना ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर अजिबात वापरू नका. त्यांचा स्वतःचाच उशीर असतो आणि नसलेला बिघाड तुम्ही दुरुस्त करत बसाल. नवे टीव्हीही चित्रावर प्रक्रिया करताना वेळ घेतात, त्यामुळे डिस्क दोन वेगवेगळ्या टीव्हींवर पाहते. किती फरक चालतो? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत दिलं आहे की आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा असला तर लक्षात यायला लागतं. आधी आलेला आवाज जास्त खटकतो, कारण निसर्गात तसं कधी होत नाही, वीज दिसते मग गडगडाट येतो. म्हणून एखादी फ्रेम इकडेतिकडे करायची वेळ आली तर मी आवाज उशिराच्या बाजूला ठेवते.

कॅसेटची तब्येत मात्र यातल्या कुठल्याही यंत्राने सुधारत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. बाकीच्या कॅसेट कॅप्चर करण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच बाजूला गुंडाळलेल्या टेपचा ताण सारखा होतो. माझ्याकडे एवढ्यानेच गळणाऱ्या फ्रेम डोळ्यांना दिसतील इतक्या कमी झाल्या.

हे काम पुढे ढकलू नका. शेवटचे नवे व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये बनवायचे थांबवले. आता जे आहेत ते सगळे जुने, आणि हेड बदलून देणारे मेकॅनिकही कमी होत चालले आहेत.

आमच्या अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेल्या कॅसेट तेवढ्या राहिल्या आहेत. त्या एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या. माझा व्हीसीआर त्या टीव्हीवर दाखवतो, पण आउटपुट पाल-६० असं मधलंच काहीतरी देतो. ते माझ्या स्टिकला धड कळत नाही, चित्र काळं-पांढरं होतं आणि फ्रेम धडाधड गळतात. दोन्ही पद्धती जशाच्या तशा देणारा खरा मल्टिसिस्टिम व्हीसीआर मिळाल्याशिवाय त्या लावणार नाही. ठाणे-डोंबिवलीच्या बाजूला चालू स्थितीतला कोणाकडे असेल, किंवा असे व्हीसीआर अजून दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल, तर जरूर कळवा.