झीब्राहेड कुठून ऐकायला घ्यावं: जस्टिनच्या काळापासून की मॅटीच्या?

भाच्याला २००६ च्या सॉनिक गेममधलं ‘हिज वर्ल्ड’ सापडलं आणि लगेच मला फोन आला. ‘मामा, हे गाणारे दोघं झीब्राहेडचे आहेत म्हणे. यांचं ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? काही जण म्हणतात जस्टिन गेला तिथेच बँड संपला. काही जण म्हणतात मॅटी आला तेव्हा कुठे बँड सुरू झाला.’ मी घाईत सांगितलं, ‘पहिल्यापासून ओळीने ऐक.’ त्याने १९९८ चा अल्बम लावला, चार-पाच गाणी ऐकली आणि सोडून दिलं. त्याला ‘हिज वर्ल्ड’सारखं काहीतरी हवं होतं आणि मी त्याला वेगळ्याच घरात नेऊन सोडलं होतं. माझा सल्ला चुकला. त्याच्यासारखे आणखीही कुणी उंबरठ्यावर उभे असतील, म्हणून हे नीट लिहून काढतो आहे.

आधी माणसं ओळखून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत ला हाब्रा नावाचं गाव आहे. तिथे १९९६ मध्ये हा बँड उभा राहिला. ऑरेंज काउंटी ही पंकची, म्हणजे वेगवान, धारदार रॉकची जुनी जमीन. ऑफस्प्रिंग आणि सोशल डिस्टॉर्शन हे बँड त्याच भागातले. चौघं वेगवेगळ्या बँडमधून एकत्र आले: गाणारा आणि गिटार वाजवणारा जस्टिन मॉरिएलो, लीड गिटारवर ग्रेग बर्गडॉर्फ, बेसवर बेन ऑस्मंडसन, ड्रमवर एड उडहस. पाचवा अली तबाताबाई, रॅपर. अली, बेन आणि एड आजतागायत आहेत. ग्रेग २०१३ मध्ये घर-संसारासाठी थांबला आणि त्याच्या जागी डेथ बाय स्टीरिओ या बँडचा डॅन पामर आला. गाणारा मात्र दोनदा बदलला: जस्टिन २००४ मध्ये गेला आणि मॅटी लुईस आला, २०२१ मध्ये मॅटी गेला आणि एड्रियन एस्ट्रेला आला.

एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. या बँडमध्ये जो गातो तोच दुसरी गिटारही वाजवतो. म्हणजे गायक बदलला की नुसता गळा बदलत नाही, उजवा हातही बदलतो. ‘आवाज सोडला तर बँड तोच आहे’ असं म्हणणारे इथे फसतात.

जस्टिन बरा की मॅटी, हा वाद मी वीस वर्षं ऐकतो आहे, आणि मला वाटतं सगळे चुकीच्या माणसाकडे बघतात. बघायचं ते रॅपर अलीकडे. झीब्राहेडचं गाणं साधारणपणे असं चालतं: कडवं अलीचं, ध्रुवपद गाणाऱ्याचं. एक जण शब्दांचा मारा करत धावतो, दुसरा येऊन ती धाव सुरात उचलून घेतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला हे चटकन कळतं. आता या दोघांचं वाटप कसं आहे, कडव्यात आणि ध्रुवपदात किती अंतर आहे, ते एकमेकांचं बोलणं तोडतात की वाट बघतात, यावर प्रत्येक काळाचा स्वभाव ठरतो. हा मापदंड हातात घेतला की निवड सोपी होते.

जस्टिनच्या काळातले अल्बम मोजकेच. १९९८ चा बँडच्याच नावाचा पहिला अल्बम (चाहते त्याला पिवळा अल्बम म्हणतात), त्याच वर्षी कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीकडून आलेला ‘वेस्ट ऑफ माइंड’, २००० चा ‘प्लेमेट ऑफ द इयर’ आणि २००३ चा ‘एमएफझेडबी’. पिवळ्या अल्बममधली बरीच गाणी पुढे ‘वेस्ट ऑफ माइंड’मध्ये नव्याने आली, त्यामुळे नवख्याने पिवळ्याच्या मागे लागू नये.

‘वेस्ट ऑफ माइंड’ हा त्या काळाचा अल्बम आहे. रॅप आणि रॉक एकत्र करण्याची तेव्हा अमेरिकेत लाट होती. पण लाटेतले बहुतेक बँड जड आणि रागावलेले होते, आणि ही पोरं हसरी होती. ‘गेट बॅक’ लावा आणि हेडफोनमध्ये फक्त बेनच्या बेसकडे लक्ष द्या. बेस इथे गिटारच्या मागे दबून चालत नाही. तो उड्या मारतो, फंकच्या वळणाने मधली रिकामी जागा भरतो. अली त्या बेसवर स्वार होतो आणि जस्टिन मधूनच ध्रुवपद घेऊन येतो, किंचित नाकातून येणाऱ्या स्वच्छ, उजळ आवाजात. त्या आवाजात एक निरागसपणा आहे जो नंतर कधीच सापडला नाही. मात्र अल्बम म्हणून तो उसवलेला आहे. अली आणि जस्टिन आलटून पालटून येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. माझा भाचा इथेच कंटाळला, आणि मला आता त्याचं कारण समजतं.

‘एमएफझेडबी’ ही वेगळीच गोष्ट. नाव म्हणजे एका शिवीचं संक्षिप्त रूप आहे, आणि त्या नावावरून आत काय आहे याचा अंदाज अजिबात येत नाही. या बँडने इतकं मन लावून लिहिलेलं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे. ‘रेस्क्यू मी’, ‘फॉलिंग अपार्ट’, ‘हॅलो टुमारो’, ‘इनटू यू’ या गाण्यांमध्ये चाल पुढे आहे आणि गंमत मागे. जस्टिन इथे पोरसवदा राहिलेला नाही. एकटेपणा, तुटणारी नाती, घर सोडून जावंसं वाटणं, हे तो आडपडदा न ठेवता गातो. पण याची किंमत अलीने चुकवली. त्याचा वाटा इथे कमी होतो. काही ठिकाणी तो पाहुण्यासारखा येऊन जातो. ज्याला शुद्ध पॉप-पंक, म्हणजे गोड चालीचा पंक हवा आहे त्याला हे वरदान वाटेल. ज्याला रॅप हवा आहे तो विचारेल, अली गेला कुठे?

त्यानंतर कोलंबियाशी असलेलं नातं संपलं आणि जस्टिननेही बँड सोडला. २००४ मध्ये ‘वेस्ट ऑफ एमएफझेडबी’ म्हणून मागे राहिलेली गाणी फक्त जपानमध्ये निघाली. जपानने या बँडला फार जीव लावला आहे. अमेरिकेत दुर्लक्ष होत असताना तिथे त्यांचे अल्बम आधी येत, मोठ्या महोत्सवांत त्यांना मान मिळे. मोठी कंपनी गेली, मुख्य गायक गेला. एवढ्यावर बहुतेक बँड मोडतात. हा बँड मोडला नाही याचं मोठं श्रेय मला त्या श्रोत्यांना द्यावंसं वाटतं.

आता ‘ब्रॉडकास्ट टू द वर्ल्ड’, २००६. मॅटीचा पहिला पूर्ण अल्बम. ‘इनटू यू’ संपल्यावर लगेच ‘अँथम’ लावून बघा. मी हे अनेकांना समोर बसवून करायला लावलं आहे. पहिल्या काही सेकंदांत खांदे आवळले जातात. गिटार जाड झाली आहे, एडचे ड्रम घाईत आहेत, आणि मॅटीचा आवाज जस्टिनपेक्षा भरदार, कडांना खरखरीत. जस्टिन सुरावर अलगद उतरायचा, मॅटी सुराला धडक देतो. महत्त्वाचं म्हणजे अली परत आला आहे. तो आता वाट बघत नाही. मॅटीची ओळ संपायच्या आत तो शिरतो, मॅटी त्याच्या कडव्याच्या शेवटच्या शब्दावर आरोळी ठोकतो, आणि दोन माणसं एकच वाक्य बोलत असल्यासारखं वाटतं. ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम हेल’ ऐकताना मला अजूनही पाय स्थिर ठेवता येत नाही. ‘हिज वर्ल्ड’मध्ये भाच्याला जे आवडलं ते नेमकं हेच होतं, अली आणि मॅटीची ती गुंफण. मी त्याला थेट इथेच आणून सोडायला हवं होतं.

गमावलं काय? बेनचा तो उड्या मारणारा बेस. वेग वाढला की जागा उरत नाही. बेस गिटारला चिकटून पळू लागतो. मला त्याची हळहळ आहे, आणि जस्टिनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. चालींचं नाजूकपणही उणावलं. ‘एमएफझेडबी’ तुम्ही एकटे असताना गुणगुणाल. ‘ब्रॉडकास्ट’ गुणगुणता येत नाही, तो ओरडायचा असतो.

२००८ चा ‘फिनिक्स’ त्याच वाटेवरचा, सोळा गाण्यांचा, थोडा लांबलेला. पण ‘हेल येह’, ‘मेंटल हेल्थ’ आणि ‘द जगरनॉट्स’साठी तो हवाच. २००९ चा ‘पँटी रेड’ गायिकांच्या प्रसिद्ध गाण्यांचा पंक अवतार आहे. प्रवासात मजा येते, पण सुरुवात त्याने करू नका. २०११ चा ‘गेट नाइस’ ठीक. ‘कॉल युवर फ्रेंड्स’ (२०१३), ‘वॉक द प्लँक’ (२०१५) आणि ‘ब्रेन इन्व्हेडर्स’ (२०१९) या तिन्हींत डॅन पामरची गिटार आहे, आणि तिला मेटलचं वळण आहे. तिघांतला ‘ब्रेन इन्व्हेडर्स’ घ्या. ‘ऑल माय फ्रेंड्स आर नोबडीज’मध्ये चाळिशी ओलांडलेली माणसं विशीच्या जोमाने गातात आणि तरी खोटी वाटत नाहीत. २०१५ मध्ये मॅन विथ अ मिशन या जपानी बँडबरोबर त्यांनी केलेलं ‘आउट ऑफ कंट्रोल’ही शोधून ऐका.

एड्रियनच्या काळाबद्दल थोडक्यात. या काळात त्यांनी मोठ्या अल्बमऐवजी छोटे संच काढले: २०२१ मध्ये ‘थ्री’, २०२३ मध्ये ‘टू’, आकडे उलटे मोजत. ‘थ्री’मधलं ‘ले मी टू रेस्ट’ ऐकलं तर कळेल की आवाज आजच्या काळाचा झाला आहे, अधिक घासून-पुसून घेतलेला, ठिकठिकाणी किंचाळीच्या जवळ जाणारा. अलीचं धावणं कमी झालेलं नाही. जे सध्याचा पॉप-पंक ऐकतात त्यांना हे दार सर्वांत सोपं. मला व्यक्तिशः अजून पूर्ण सवय झालेली नाही, पण एड्रियनला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन लाडक्या गायकांनंतर तिसरा म्हणून उभं राहायला हिंमत लागते.

शब्दांबद्दल मात्र सांगायलाच हवं. शिव्या आहेत, दारू भरपूर आहे, आणि मुलींकडे बघण्याची नजर बऱ्याच गाण्यांत पोरकटपणाच्या पलीकडे जाते. ‘प्लेमेट ऑफ द इयर’ची चाल मला विशीत फार आवडायची, आज तेच गाणं मी पुढे ढकलतो. लहान मुलं घरात असतील तर हेडफोन बरे.

मग घ्यायचं काय? लिंकिन पार्कमुळे रॅप आणि रॉकची गोडी लागली असेल, तर ‘ब्रॉडकास्ट टू द वर्ल्ड’ने सुरुवात करा, इतका अंधार इथे नाही, पण दोन आवाजांचा खेळ ओळखीचा वाटेल. ब्लिंक-१८२ किंवा सम ४१ ऐकत मोठे झाला असाल, तर ‘एमएफझेडबी’, आणि तो रात्री, एकट्याने, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. बेस वाजवणाऱ्यांनी कुणाचंही न ऐकता ‘वेस्ट ऑफ माइंड’ घ्यावा. आणि काहीच माहीत नसेल, हातात फक्त एक तास असेल, तर पुन्हा ‘ब्रॉडकास्ट’. अलीला सर्वांत मोकळी जागा मिळालेला आणि तरी चालीने उभा असलेला अल्बम तो आहे. ‘एमएफझेडबी’ माझ्या जास्त जवळचा असूनही मी हे म्हणतो, कारण त्याची खरी किंमत या बँडवर आधी जीव जडल्यावरच कळते.

भाचा सध्या ‘फिनिक्स’वर रेंगाळला आहे, ‘द जगरनॉट्स’मधलं अलीचं कडवं पाठ करतोय. ‘एमएफझेडबी’चं नाव मी त्याच्याकडे अजून काढलेलं नाही. दिवाळीत तो घरी येईल तेव्हा गच्चीवर बसून, एक इअरफोन त्याच्या कानात आणि एक माझ्या, ‘फॉलिंग अपार्ट’ लावणार आहे.