ठाण्यातल्या पाचपाखाडीतल्या निवृत्त कर्नल डॉक्टरांचं प्रसूतिगृह

पाटीवर नावाआधी कर्नल आहे, आणि कामातही तो दिसतो. एएफएमसीतून, म्हणजे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून, निघालेला डॉक्टर बहुधा आधी पलटणीसोबत राहतो, स्त्रीरोगाचं शिक्षण नंतर घेतो आणि लष्करी रुग्णालयाच्या फॅमिली वॉर्डात जवानांच्या बायकांची बाळंतपणं करतो. याच शाखेतल्या पुनीता अरोरा 2004 साली देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. सीमेजवळ रक्तपेढी हाकेवर नसते, त्यामुळे आधीच तयारीत राहायची सवय लागते. इथे पेशंटला त्या सवयीचाच फायदा होतो.

पहिल्या भेटीत मिळणाऱ्या कार्डावर रक्तगट लाल शाईने लिहितात. आई निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह असेल तर 28व्या आठवड्याची तारीख तिथेच पडते: अँटी-डीचं इंजेक्शन, 300 मायक्रोग्रॅम, आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांत पुन्हा. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ देत नाहीत, गोळीवर चहाही नाही. गोळ्या चालू असून हिमोग्लोबिन 11च्या वर जात नाही, तेव्हा बऱ्याचदा इथेच चुकलेलं असतं. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त. 140 किंवा वर आलं की मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत बोलावतात, रिपोर्ट रेटून नेत नाहीत.

बाळ बाहेर येताच मांडीत ऑक्सिटोसिन 10 युनिट, गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. रक्तस्राव खुणा असलेल्या पिशवीत मोजतात. हे फार मोलाचं आहे, कारण नुसत्या नजरेने अंदाज नेहमी कमी येतो आणि 500 मिलिलिटरची धोक्याची रेषा कधी ओलांडली ते कळतच नाही.

नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग इथे नाही. म्हणून जुळं, वाढलेलं बीपी किंवा मुदतीआधीच्या बाळंतपणाची शक्यता दिसली की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी वेळेआधी हातात देतात. अशा बायकांनी सुरुवातीपासूनच तिकडे नाव घालावं. सोनोग्राफीही बाहेरच.

पहिलटकरणीला कळा पाच मिनिटांवर आल्या की या म्हणतात. कासारवडवलीकडच्यांना मात्र दहावरच निघायला सांगतात, घोडबंदर रोडचा भरवसा नाही. पाणी गेलं किंवा लाल गेलं तर कळांची वाट बघायची नाही.

वेळ ठरवूनच जा. जुने रिपोर्ट मूळ प्रतीत न्या, मोबाइलवरचे फोटो इथे चालत नाहीत.