चहासाठी घरचा पाला: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी चार कुंड्या भरल्या. एकीत गवती चहा, एकीत तुळस, एकीत कॅमोमाइल (याची वाळलेली फुलं चहात घालतात) आणि मोठ्या कुंडीत पुदिना व लेमन बाम (लिंबाच्या वासाच्या पानांचं झाड) शेजारी शेजारी. त्याच आठवड्यात पाला वाळवायला ट्रे असलेला विजेवरचा ड्रायरही घेतला. झाडं जगतील का याची धास्ती होती. वाळवणं म्हणजे काय, बटण दाबायचं. झालं नेमकं उलटं.

झाडांचं पटकन सांगतो. पाकिटावर पेपरमिंट लिहिलेलं बी पेरलं आणि फसलो. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा संकर, त्याला उगवणारं बी सहसा धरतच नाही. जे उगवलं ते वासाला फिकं, भलतंच काहीतरी. मग मित्राकडून चार काड्या आणून पाण्यात ठेवल्या, दहा दिवसांत मुळं फुटली. त्याला कुंडी मात्र वेगळीच द्या. त्याची धावती मुळं शेजाऱ्याला जागा ठेवत नाहीत. लेमन बामला मी वेळेत हलवलं म्हणून तो वाचला. कॅमोमाइलचं बी धुळीसारखं बारीक आणि त्याला उगवायला उजेड लागतो. पहिल्या खेपेला मातीखाली नीट पुरलं, एकही रोप आलं नाही. दुसऱ्यांदा नुसतं वर भुरभुरवलं, तेव्हा आलं.

आता खरा विषय. पुदिन्याची पहिली खेप ड्रायरमध्ये 60 अंशांवर लावली. तीन तासांत पानं कुडकुडीत, आणि घरभर असा वास की मी खूश! चहा केला तर वाळल्या गवताचं पाणी. घरभर पसरलेला वास म्हणजेच बरणीतून गेलेला वास, हे डोक्यात शिरायला मला तीन खेपा लागल्या. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं, जरा जास्त ऊब लागली की उडतं. 35 ते 40 अंश पुरे. माझ्या यंत्राचा आकडा 35 पासून सुरू होतो खरा, पण तापमापी ठेवून पाहिलं तर सर्वांत खालच्या ट्रेवर 46! तेव्हापासून पाला फक्त वरच्या दोन ट्रेंवर. म्हणजे पाच ट्रेंचे पैसे देऊन मी दोन वापरतो.

कोरड्या हवेत तर यंत्र लागतच नाही. सकाळी दव उडालं की, फुलं धरायच्या आधी शेंडे खुडायचे, पातळ जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या. जुडी जाड झाली की आतली पानं काळी पडतात. तुळस याबाबतीत फारच नाजूक. खुडताना चुरगळली तरी डाग पडतात.

सर्वांत वाईट चूक बरणीत झाली. पानं चुरत होती म्हणून देठांसकट भरली, देठ मात्र आतून ओलेच होते. आठवड्याने झाकणाखाली बुरशी, सगळी बरणी फेकली. आता देठ कट्‌कन मोडला तरच भरतो, पहिला आठवडा रोज काचेवर बाष्प दिसतंय का बघतो, आणि बरणी अंधाऱ्या कपाटात. पानं अख्खीच ठेवा, चुरायची ती कपात टाकताना. वाळलेलं ताज्याच्या साधारण एक तृतीयांश पुरतं. मी सुरुवातीला ताज्याइतकंच घालायचो आणि चहा औषधासारखा लागायचा.

निकाल सगळ्यांचा सारखा नाही. गवती चहा बिनतक्रार: कात्रीने बोटभर तुकडे करा (पात्याची कड हात कापते), सावलीत पसरा, वास टिकतो. पुदिना हळू वाळवला तर उत्तम. तुळस ठीक. कॅमोमाइलसाठी मात्र ड्रायरला पूर्ण गुण. फुलाचा मधला पिवळा गोळा भरीव, बाहेरून वाळलेला वाटतो पण आत ओल धरून बसतो. तिथे रात्रभर सारखी ऊब लागते. चहा करताना कपावर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं मुरू द्या.

लेमन बाम चार तऱ्हांनी वाळवून पाहिला. ताज्या पानाला झकास लिंबाचा वास, वाळलेल्याला जवळजवळ काहीच नाही. त्याची कुंडी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली आहे. पाणी उकळलं की हात लांबवून चार पानं तोडतो.